माफी मिळाली, आता गप्प राहता येईल का?

सहआरोपींपैकी एकाला सरकारी पक्षाकडून चाचपणीचा निरोप येतो: माफीचा साक्षीदार व्हायची तयारी आहे का? निरोप बहुधा वकिलामार्फत येतो, कधी तपास अधिकारी घरच्यांच्या कानावर घालतो. त्या रात्री घरात चर्चा होते ती एकाच गोष्टीची, सुटणार का आणि कधी. त्याआधी विचारायला हवा असा एक प्रश्न मात्र राहून जातो. माफी घेतली, शपथ घेतली, पिंजऱ्यात उभं राहिलं. आणि एखादा प्रश्न असा आला की खरं उत्तर दिलं तर आपणच गोत्यात येऊ. तेव्हा "मी उत्तर देत नाही" असं म्हणता येतं का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्या गुन्ह्यासाठी माफी मिळाली त्या गुन्ह्याबद्दल गप्प राहता येत नाही, आणि त्यातलं काही हातचं राखून ठेवणं तर सगळ्यात धोक्याचं. त्या गुन्ह्याबाहेरच्या गोष्टींसाठी संरक्षण उरतं. पण ते आरोपी असताना होतं त्या जातीचं नसतं. ते मौनाचं संरक्षण नाही, दिलेल्या उत्तराचं आहे. हा फरक माफी घेण्याआधी कळला तर निम्मं काम झालं.

राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार कोणत्याही गुन्ह्यातल्या आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. या वाक्यातला 'आरोपी' महत्त्वाचा. ज्याच्यावर आरोप आहे त्याचाच हा हक्क. त्याचीही हद्द सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे आखून दिली. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. आपल्या माहितीतलं काही सांगायला लावणं म्हणजे साक्ष. त्यामुळे आरोपी म्हणून तुम्ही कोर्टात तोंड उघडलं नाही तर कुणी उघडायला लावू शकत नाही. साक्षीदार म्हणून शपथेवर उभं राहायचं तर तुम्ही स्वतः लेखी विनंती करावी लागते.

माफी स्वीकारली की ही जागाच बदलते. तुम्ही आरोपींच्या बाकावरून उठून साक्षीदार होता आणि त्या खटल्यापुरता २०(३) चा आधार मागे राहतो. कायद्यानं हा हक्क हिरावून घेतला असं मी म्हणणार नाही. हक्काचा हेतू शिक्षेपासून वाचवण्याचा. त्या गुन्ह्यासाठी शिक्षाच होणार नसेल तर मौनाला कारण उरत नाही, असा हा सरळ हिशेब आहे. अमेरिकेतही तर्क हाच आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ साली ब्राउन विरुद्ध वॉकर खटल्यात म्हटलं की कायद्यानं खटल्यापासून पूर्ण संरक्षण दिलं असेल तर साक्षीदाराला बोलावंच लागेल.

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण अशिलांच्या मनात तो हमखास असतो. राष्ट्रपती किंवा राज्यपाल देतात ती दयेची माफी निराळी. ती घटनेच्या कलम ७२ आणि १६१ मधली. नौदल अधिकारी नानावटी यांना १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, ती या प्रकारची. ती सहसा शिक्षेनंतर येते आणि तिच्या बदल्यात कुणी साक्ष मागत नाही. अशी माफी मिळालेल्या माणसाला पुढे एखाद्या खटल्यात बोलावलं तर तो इतर कुठल्याही साक्षीदारासारखा साक्षीदार. खटला चालू असताना, साक्षीच्या बदल्यात कोर्ट देतं ती माफी म्हणजे आपला विषय. ही माफी म्हणजे मेहेरबानी नाही, सौदा आहे, आणि सौद्याच्या अटी असतात.

त्या अटी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ ते ३४५ मध्ये आहेत. १ जुलै २०२४ पूर्वीच्या खटल्यांत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ३०६ ते ३०८ ही कलमं दिसतील. मजकूर बराचसा तोच. गुन्हा सत्र न्यायालयात किंवा विशेष न्यायाधीशासमोरच चालणारा हवा, किंवा सात वर्षांपर्यंत वा त्याहून जास्त शिक्षेचा हवा. माफी देतो तो न्यायदंडाधिकारी किंवा खटला चालवणारं न्यायालय. पोलीस देत नाहीत. "तू सगळं सांग, तुला माफीचा साक्षीदार करून टाकतो," हे तपास अधिकाऱ्याचं वाक्य कितीही प्रेमानं म्हटलेलं असलं तरी कायद्यात त्याची किंमत शून्य. पास्कल फर्नांडिस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की आरोपीनं स्वतःहून माफी मागितली तरी न्यायाधीशानं सरकारी पक्षाचं मत घ्यावं. त्यामुळे अर्ज तुमचा असला तरी होकार दोघांचा लागतो.

यात क्रम फार महत्त्वाचा. बऱ्याच प्रकरणांत आधी दंडाधिकाऱ्यासमोर कबुलीजबाब नोंदवला जातो आणि मग माफीचा अर्ज होतो. कबुलीजबाब घेण्याआधी दंडाधिकारी तुम्हाला सांगतो की तुम्ही तो द्यायला बांधील नाही आणि दिला तर तो तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. हे तो औपचारिकता म्हणून सांगत नाही. समजा कबुली दिली आणि माफी नाकारली गेली, तर ती कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते. मग "मला आमिष दाखवलं होतं" हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून आपल्या वकिलाला स्पष्ट विचारा: आधी काय होणार, नंतर काय, आणि मधल्या काळात मी बोललेलं कुठे जाणार?

माफीची खरी अट एका ओळीची आहे. गुन्ह्याबद्दल आणि त्यात सामील असलेल्या प्रत्येकाबद्दल, मग तो मुख्य असो की मदत करणारा, जे जे ठाऊक आहे ते सगळं पूर्ण आणि खरं सांगायचं. माणसं अडखळतात ती 'प्रत्येकाबद्दल' या शब्दापाशी. स्वतःचा वाटा सांगायला तयार असतात, साहेबाचा सांगायला तर उत्सुक असतात, पण मेहुण्याचं नाव यायला नको असतं. ते नाव लपवलं की अट मोडली.

समजा, एका पतसंस्थेतला रोखपाल आहे. संचालकांच्या सांगण्यावरून त्यानं बनावट कर्जखात्यांची व्हाउचरं केली, सह्या केल्या, ठेवीदारांचे पैसे बुडाले. तो माफीचा साक्षीदार झाला. सरतपासणीत त्यानं संचालकांनी काय सांगितलं, कुणाच्या खात्यात पैसे गेले, त्यातले किती आपल्या वाट्याला आले, हे सगळं सांगितलं. आता उलटतपासणी. बचाव पक्षाचा वकील विचारतो, "या व्हाउचरवरची सही तुमचीच ना?" इथे गप्प बसणं नाही, 'आठवत नाही' म्हणणंही नाही. ही माफीच्या आतली गोष्ट.

पुढचा प्रश्न येतो: "तुम्ही आधी ज्या दुकानात हिशेबनीस होता, तिथेही रोकड कमी भरली होती, खरं ना?" हे माफीच्या बाहेरचं. त्या दुकानाबद्दल त्याच्यावर गुन्हा नाही, म्हणून २०(३) चा आरोपी म्हणून आधार नाही. माफीही त्या गुन्ह्याची नाही. मग त्याला काय उरलं?

उरतं ते साक्ष अधिनियमातलं कलम. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३७, जुन्या कायद्यातलं १३२. ते आधी घेतं आणि मग देतं. घेतं असं: उत्तरानं आपण अडकू एवढ्या कारणावरून साक्षीदाराला खटल्याशी संबंधित प्रश्नाचं उत्तर टाळता येत नाही. देतं असं: ज्या उत्तराची सक्ती झाली, त्या उत्तरावरून साक्षीदाराला अटक वा त्याच्यावर खटला होणार नाही आणि ते उत्तर कुठल्याही फौजदारी कामकाजात त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. अपवाद एकच, उत्तरच खोटं असेल तर खोट्या साक्षीचा गुन्हा. दिल्लीच्या एका प्रकरणात माफीच्या साक्षीदारानं नेमकी हीच भीती मांडली होती: इथे बोललो तर दुसऱ्या खटल्यात फसेन. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्यावर हेच कलम दाखवलं आणि त्याला पिंजऱ्यात जायला सांगितलं. माफी न मिळालेल्या साथीदारालाही हे कलम तारतं. १९६०च्या दशकात मुंबईतल्या सोनेतस्करीच्या खटल्यात, लक्ष्मीपत चोरारिया प्रकरणात, एक हवाई सुंदरी तस्करीत सामील असूनही आरोपी न करता साक्षीदार म्हणून उभी केली होती. तिची साक्ष बाद करा, हा आरोपींचा आग्रह सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला नाही, आणि तिच्या बचावाला हीच तरतूद होती.

कागदावर हे भक्कम दिसतं. व्यवहारात त्याला तीन भोकं आहेत, आणि सल्ला देताना मी वेळ घालवतो तो त्यांच्यावर.

पहिलं भोक 'सक्ती' या शब्दाचं. न विचारता, फुशारकीत किंवा घाबरून जे बोललं गेलं त्याला सक्ती कशी म्हणायची? मद्रास उच्च न्यायालयानं १८८१ साली बहुमतानं असा अर्थ लावला होता की साक्षीदारानं हरकत घेतली आणि कोर्टानं तरीही उत्तर द्यायला लावलं तरच ती सक्ती. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं आर. दिनेश कुमार खटल्यात साक्षीदाराच्या बाजूनं झुकतं माप दिलं. पण त्या भरवशावर राहू नका. अडचणीचा प्रश्न आला की थांबा, न्यायाधीशांकडे पाहा आणि शांतपणे म्हणा, "या उत्तरानं माझ्यावर दुसरा गुन्हा येऊ शकतो. मला उत्तर द्यावंच लागेल का?" न्यायाधीश 'द्या' म्हणाले की हरकत आणि आदेश दोन्ही साक्षीच्या नोंदीत लिहून घ्यायची विनंती करा. साक्ष संपल्यावर सही करण्याआधी वाचून पाहा, ती ओळ खरंच आलीय का. घाईत ती सुटू शकते. त्या रोखपालाच्या बाबतीत तर आणखी एक दार उघडं असतं. दुकानाचा प्रश्न केवळ त्याची पत पाडण्यासाठी आहे, खटल्याशी त्याचा संबंध नाही, असं न्यायाधीशांना वाटलं तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस असं ते साक्षीदाराला सांगू शकतात. उत्तर नाकारल्यावर ते प्रतिकूल असतं असा निष्कर्ष कोर्ट काढू शकतं, हे खरं. तरी नव्या गुन्ह्याची कबुली देण्यापेक्षा ते परवडतं.

दुसरं भोक: संरक्षण उत्तराला आहे, घटनेला नाही. दुकानदाराकडे वह्या असतील, बँकेची नोंद असेल, दुसरा साक्षीदार असेल, तर तुमच्या उत्तराला हातही न लावता तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली हे पुन्हा सांगितलंय. माफी 'त्या गुन्ह्याची' आहे की 'त्या सगळ्या व्यवहाराची', हे म्हणूनच आदेशात वाचायचं असतं. एकाच घोटाळ्याचे गुन्हे तीन पोलीस ठाण्यांत नोंदलेले असतील आणि माफी एकाच गुन्हा क्रमांकावर असेल, तर उरलेल्या दोन ठिकाणी तुम्ही अजून आरोपी आहात. तिथे २०(३) तुमच्याकडे शाबूत आहे, पण धोकाही तसाच आहे. वकिलाला सगळे गुन्हा क्रमांक एका कागदावर लिहून द्या आणि प्रत्येकापुढे माफी आहे की नाही, हे भरून घ्या.

तिसरं भोक नोकरदारांच्या लक्षात उशिरा येतं. संरक्षण फौजदारी कामकाजापुरतं आहे. खातेनिहाय चौकशी, बडतर्फी, ठेवीदारांचा दिवाणी दावा, प्राप्तिकराची नोटीस यांना ते अडवत नाही. माफीच्या साक्षीदारानं कोर्टात शपथेवर 'सह्या माझ्याच' म्हटलं आणि मग कामावरून काढल्याचा कागद आला, तर त्यात कायद्याचा विरोधाभास काही नाही.

देशाची हद्दही विसरू नका. डेव्हिड हेडलीला मुंबईच्या विशेष न्यायालयानं १० डिसेंबर २०१५ रोजी माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यानं अमेरिकेतून व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष दिली. २६/११ च्या कटाबद्दल अमेरिकेत त्याला २०१३ सालीच पस्तीस वर्षांची शिक्षा झाली होती. मुंबईच्या माफीनं त्यातला एक दिवसही कमी होणार नव्हता. तुमचा व्यवहार दुबई किंवा सिंगापूरला जोडलेला असेल तर तिथल्या कायद्याचा सल्ला वेगळा घ्या.

आता अट मोडली तर काय, हे न पाहता सही करणं म्हणजे अंधारात विहिरीच्या काठानं चालणं. सरकारी वकिलानं प्रमाणपत्र दिलं की या साक्षीदारानं महत्त्वाचं काही जाणूनबुजून लपवलं किंवा खोटं सांगितलं, तर त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालू शकतो, शिवाय त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या गुन्ह्याचाही. आणि कलम ३४५ म्हणतं की माफी स्वीकारून त्यानं दंडाधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयात जे सांगितलं ते या खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येईल. मौन सोडून जे दिलं तेच अंगावर येतं. थोडा दिलासा असा की हा खटला इतर आरोपींबरोबर चालत नाही, आणि खोट्या साक्षीसाठी वेगळी कारवाई करायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मुख्य दिलासा वेगळा आहे. 'मी अट पाळली' असं तुम्ही म्हणालात तर पाळली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि सरकारला ते जमलं नाही तर निर्दोष सुटका.

म्हणूनच साक्ष टिकली नाही म्हणजे माफी गेली, अशी धास्ती घेऊ नका. गांधी हत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. सावरकरांबद्दलच्या त्याच्या कथनाला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायाधीश आत्माचरण यांनी सावरकरांना निर्दोष सोडलं. बडगेची माफी त्यानं गेली नाही. पुष्टी न मिळणं एक आणि खोटं बोलणं दुसरं. १९५७ साली न्या. गजेंद्रगडकरांनी सरवन सिंग खटल्यात हाच दुहेरी निकष घालून दिला: आधी साक्षीदार विश्वासार्ह आहे का, आणि मग महत्त्वाच्या बाबींवर पुष्टी आहे का. दोन्ही पाहिल्याशिवाय माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीवर शिक्षा द्यायला कोर्टं कचरतात. याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की तारीख आठवत नसेल तर अंदाजानं ठोकून देऊ नका. ज्याला कागद मिळेल तेवढं ठामपणे सांगा, बाकीचं 'नक्की आठवत नाही' म्हणा. खरंच न आठवणं म्हणजे लपवणं नव्हे. दंडाधिकाऱ्यासमोरच्या जबाबात जे ठामपणे सांगितलं ते कोर्टात 'आठवत नाही' झालं, तर मात्र सरकारी वकिलाच्या भुवया वर जातात.

'सुटका कधी' या प्रश्नाचं उत्तर घरच्यांना सहसा आवडत नाही. माफी देताना तुम्ही जामिनावर नसाल, तर खटला संपेपर्यंत कोठडीतच राहावं लागतं. कलम ३४३ तसं स्पष्ट म्हणतं. खटले रेंगाळल्यावर काही माफीच्या साक्षीदारांना जामीन मिळालेत, पण तो अपवाद म्हणून. शीना बोरा प्रकरणातला चालक २०१५ साली पकडला गेला, २०१६ साली माफीचा साक्षीदार झाला आणि त्याला जामीन मिळायला २०२२ उजाडलं. तेव्हा जामिनाचा अर्ज आधी करायचा की माफीचा, हे वकिलाबरोबर बसून ठरवायला हवं. ज्यांच्याविरुद्ध बोलणार त्यांच्याच बरॅकमध्ये राहायची वेळ येणार असेल, तर वेगळं ठेवण्याची मागणी लेखी करा. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखालीही अर्ज करता येतो, आणि तो साक्षीच्या आदल्या आठवड्यात नाही, माफीच्या आदेशाबरोबरच करावा.

आदेश झाल्यावर त्याची प्रत मागा. दंडाधिकाऱ्यानं माफीची कारणं आणि ती स्वीकारली की नाही, हे लिहून ठेवायचं असतं, आणि आरोपीनं अर्ज केल्यास प्रत फुकट द्यायची असते. त्यात गुन्हा क्रमांक, कलमं आणि अट वाचा. एखादं कलम सुटलं असेल तर दुरुस्तीची वेळ तीच, पिंजऱ्यात उभं राहिल्यावर नाही.

आणि माफी नको म्हणता येते. १९१४ साली अमेरिकेत जॉर्ज बर्डिक नावाच्या संपादकानं राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी देऊ केलेली माफी नाकारली. ती घेतली असती तर बातमी कुणी दिली हे सांगावं लागलं असतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९१५ साली त्याच्या बाजूनं निकाल दिला: न घेतलेली माफी लागू होत नाही आणि गप्प राहण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. आपल्याकडेही माफी देऊ केली आणि स्वीकारली, अशा दोन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर तुम्ही थांबलात तर तुम्ही आरोपी राहता, २०(३) सकट, आणि गप्प बसलात म्हणून कोर्ट तुम्हाला दोषी धरू शकत नाही. न्यायाधीशांनी माफी देऊ केली आणि उत्तर ठरलं नसेल, तर वकिलाशी बोलायला पुढची तारीख मागा. एवढ्या कारणासाठी मागितलेली तारीख सहसा मिळते.